कुणाची गं तू?

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालं की वाटेत करकंब लागतं. तालुक्यातलं मोठं गाव, ऊस आणि द्राक्षांचा मुलूख. अशा गावात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एकटी कुठंही उभी राहिली, की कुणीतरी मोठं माणूस विचारतंच, ‘कुणाची गं तू?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. उत्तर मिळालं की वस्ती, भावकी, बापाचा मळा सगळं जागच्या जागी बसतं. अडीनडीला याच ओळखीवर गाव धावून येतं. पण त्या मुलीची पाळी चुकली असेल, महिनोन्‌महिने अंगावरून पांढरं जात असेल, किंवा कुणी तिच्याशी नको ते केलं असेल, तर हाच प्रश्न तिला दवाखान्याच्या दारातून माघारी पाठवतो.

कुठल्याही ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्याची केसपेपरची खिडकी डोळ्यांसमोर आणा. मागं रांग, पुढं जाळी. नाव, गाव, वय मोठ्यानं सांगायचं, कारण आतल्याला ऐकू येत नाही. मग ‘काय होतंय?’ रांगेत दोन बायका तरी ओळखीच्या असतात. केंद्र सरकारनं ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. महाराष्ट्रात त्यातल्या सल्लाकेंद्रांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. कल्पना उत्तम आहे आणि मनापासून काम करणारे समुपदेशकही आहेत. पण मैत्रीच्या खोलीपर्यंत जायची वाट त्या खिडकीवरूनच जात असेल, तर खोलीत कितीही आपुलकी असून उपयोग नाही.

मला इथं सेवेइतकंच संशोधनाबद्दल बोलायचं आहे, कारण संशोधनही याच खिडकीशी अडतं. पौगंडावस्थेतल्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते कुणाला विचारून माहीत झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. तिच्यात प्रश्न विचारले गेले ते लग्न झालेल्या बायकांना. दुसऱ्या फेरीतही तेच. अविवाहित मुलीला या देशाच्या सर्वांत मोठ्या आरोग्य पाहणीनं पहिल्यांदा विचारलं ते तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये. तोवर पाहणीच्या लेखी लग्नाआधी मुलीला प्रजननसंस्था नव्हतीच जणू. आणि १५ वर्षांखालच्या मुली आजही या मुलाखतींच्या बाहेरच आहेत. पाळी तर कित्येकींना त्याआधीच येते.

विचारलं म्हणजे खरं कळतं, असंही नाही. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ च्या सुमारास सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्यांतलं एक. पन्नास हजारांवर मुलामुलींशी बोलणं झालं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी युक्ती. लग्नाआधीच्या शरीरसंबंधाचा प्रश्न तोंडी विचारून झाल्यावर, मुलाखतीच्या शेवटी, एक कार्ड आणि एक पाकीट हातात दिलं जाई. कार्डावर स्वतः खूण करायची, पाकिटात घालायचं, चिकटवायचं. समोर बसलेल्या व्यक्तीला ते उघडायची मुभा नव्हती. तोंडावर ‘नाही’ म्हणालेल्यांपैकी काहींनी कार्डावर ‘हो’ अशी खूण केली. माणसं तीच, प्रश्न तोच, मधे फक्त एक चिकटवलेलं पाकीट. त्यामुळे तोंडी मुलाखतींतून आलेल्या कुठल्याही टक्केवारीकडे पाहताना मला आधी विचारावंसं वाटतं, की उत्तर देताना दार बंद होतं का आणि सासू कुठं बसली होती.

आता सोलापूरचा आकडा पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४० टक्के. साखर कारखान्यांचा, सहकाराचा, पंढरीचा हा जिल्हा राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. आणि हे त्यांनी कबूल केलेलं वय आहे. बालविवाह गुन्हा आहे हे घराघरात ठाऊक असताना ज्यांनी खरं वय सांगितलं, त्यांचाच हा आकडा.

गुप्ततेचं महत्त्व आपल्या मातीतल्या माणसांना फार आधी कळलं होतं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी विधवांच्या बाळंतपणाची सोय केली आणि तशा जाहिराती भिंतींवर लावल्या: गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पुढं १८७५ मध्ये खुद्द पंढरपुरात, म्हणजे करकंबच्याच तालुक्याच्या गावी, न्यायखात्यात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या आधारानं बालहत्या प्रतिबंधक गृह उभं केलं. जागा पंढरपूरच का, हे उघड आहे. यात्रेच्या निमित्तानं विधवेला तिथं आणता येई, गर्दीत ओळख पुसली जाई. बालविवाहाच्या त्या काळात यांतल्या कितीतरी विधवा आजच्या भाषेत किशोरवयीनच असणार. पाट लावायची बंदी असलेल्या जातींतल्या त्या मुली घरातल्याच कुणाकडून फसवल्या जात आणि शिक्षा त्यांनाच होई. फुल्यांनी १८८४ मध्ये लिहिलं, की आपल्या घरी ३५ विधवा बाळंत झाल्या. हा आकडा जमवायला ते गेले नव्हते. आधी दार उघडलं, ‘कुणाची’ हे न विचारता आत घेतलं, म्हणून तो हाती आला.

शंभरएक वर्षांनी गडचिरोलीत हेच घडलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. अविवाहित मुलीही तीत होत्या. ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आल्यावर जगभरच्या आरोग्यधोरणांत खळबळ उडाली. बाया बोलल्या, कारण विचारणारी स्त्री डॉक्टर होती, उपचारही करत होती.

मात्र गुप्तता कुणाची, हा प्रश्न टाळून चालत नाही. सतरा वर्षांच्या पोरीचं लग्न रात्रीत, दुसऱ्या गावच्या वस्तीवर उरकणारं घरही गुप्तताच पाळत असतं. ती घराची गुप्तता, मुलीची नव्हे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं संमतीचं वय १६ वरून १८ वर नेलं आणि त्याखालच्या मुलीशी आलेल्या शरीरसंबंधाची माहिती पोलिसांना देणं डॉक्टरवर बंधनकारक केलं. हेतू मुलीच्या रक्षणाचा. घडतं असं, की दिवस गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला घरचे आणतच नाहीत, किंवा आणलं तर केसपेपरवर वय १९ लिहून येतं. रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचं वजन सगळं १९ वर्षांच्या बाईचं म्हणून नोंदलं जातं आणि उद्याचा संशोधक त्याच रजिस्टरवरून किशोरवयीन मातांचं प्रमाण काढतो. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं, की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर तिनं आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास पॉक्सोखाली कळवताना डॉक्टरनं तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरच्या टेबलाच्या काचेखाली असायला हवा, असं मला वाटतं.

करकंबसारख्या गावात उद्या कुणी असा अभ्यास करणार असेल, तर माझी अपेक्षा मोठी नाही. विचारणाऱ्या मुली दुसऱ्या तालुक्यातल्या असाव्यात, गावच्या भावकीतल्या नकोत. आशाताई कितीही चांगल्या असल्या तरी त्या कुणाच्या तरी चुलत्या असतात. आईबापांची परवानगी घ्यायलाच हवी, पण मुलीचा होकार वेगळा, एकटीला विचारून घ्यावा आणि तिच्या ‘नको’लाही तेवढंच वजन असावं. विचारणारीसोबत उपचार करणारी डॉक्टर असावी. अभ्यास संपल्यावर ‘तुमच्याकडून आम्हांला हे समजलं’, असं मुलींना सर्वांत आधी सांगितलं जावं.

आणि उसाच्या फडाकडेच्या कोप्यांना विसरू नये. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, चैत्राच्या सुमारास जातात. मुकादमाची उचल नवराबायकोच्या जोडीला मिळते, म्हणून कित्येक मुलींचं लग्न हंगामाआधी उरकलेलं असतं. पहाटे थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीची फळी चढणारी, पाळीच्या दिवसांत धड आडोसाही नसलेली ती मुलगी करकंबच्या आशाताईंच्या वहीत नाही, कारण ती इथली नाही. तिच्या स्वतःच्या गावच्या वहीत नाव असतं, पण पाहणीवाले पोहोचतात तेव्हा तिथं घराला कुलूप असतं. पाहणी करायची तर ती पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आत, सूर्य मावळल्यावर, चुली पेटलेल्या असताना कोप्यांवर जाऊन करावी लागेल.