मुदतवाढ

बिदरकरांस विमानांचा आवाज नवा नाही. हवाई दलाच्या तळावरून हॉक विमाने उठतात, तेव्हा अंगणातील बोलणे क्षणभर थांबते आणि मग जेथे तुटले तेथूनच पुढे चालू होते. त्या विमानात शिकाऊ वैमानिक असतो, आपल्या नातवाच्या वयाचा. तो ज्या यंत्रात बसला आहे ते उडण्यास योग्य आहे, असे कोणीतरी कागदावर लिहून दिलेले असते. त्या 'कोणीतरी'विषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे. कारण आमचीही हयात सह्या करण्यातच गेली.

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजीत नाहीत. उड्डाणाचे तासही मोजतात. प्रत्येक तीव्र वळणात पंखांच्या धातूवर ताण येतो, तो पुन्हा पुन्हा आला की धातू शिणतो आणि डोळ्यांस न दिसणारी भेग पडते. म्हणून ठरावीक तासांनंतर यंत्र उकलून तपासावे लागते. क्षेपणास्त्राची गोष्ट उलटी. ते बहुधा उडतच नाही. बंद पेटीत पडल्या पडल्या म्हातारे होते. आतील घन इंधनास कालांतराने चिरा जाऊ शकतात, रबराचे भाग कडक होतात. मग काही नग तपासून उरलेल्यांची मुदत वाढवितात. साठविलेल्या दारूकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे आमच्या गावास कोणी सांगावयास नको. महमूद गवानाच्या मदरशात पुढे तोफांची दारू ठेवली गेली आणि १६९६ साली स्फोट होऊन दर्शनी बाजूचा मोठा भाग कोसळला. उरलेला एकच मनोरा आपण पाहुण्यांस दाखवितो.

मुदतवाढ देणे हे स्वतः पाप नव्हे. नीट राखलेले जुने यंत्र हेळसांड झालेल्या नव्यापेक्षा केव्हाही बरे. प्रश्न तेव्हा उभा राहतो, जेव्हा मुदत यंत्र चांगले आहे म्हणून वाढत नाही, तर बदली आलेली नाही म्हणून वाढते.

हॉकचीच कथा घ्या. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली. खरेदीचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि विमाने बिदरच्या तळावर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत एक पिढी शिकून बाहेर पडली. त्यांतील कितीतरी तरुणांस साध्या शिकाऊ विमानावरून, मधली पायरी नसताना, मिग-२१ सारख्या अवघड विमानावर जावे लागले. १९६३ साली आलेले आणि पुढे नाशिकजवळ ओझरला बांधले गेलेले हे विमान अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली संसदेत सांगितले की, घेतलेल्या सर्व प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली आणि १७१ वैमानिक गेले. कारणे दोन सांगितली गेली: मानवी चूक आणि तांत्रिक दोष. मधली पायरीच न मिळालेल्या मुलाच्या हातून चूक झाली, तर ती कोणाच्या खाती मांडावयाची?

विमानतळावर हा हिशेब स्वच्छ असतो. ज्याने खिळा आवळला तो आपल्या नावाने सही करतो. उड्डाणापूर्वी वैमानिकही विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. मंत्रालयातील बावीस वर्षांच्या विलंबास मात्र असे नाव नाही. त्या फाइलीवर शेरे लिहिणारे सारेच बेफिकीर होते, असे आम्हांस वाटत नाही. कोणी किमतीची शंका काढली असेल, कोणी नियमाची. एकेक शंका रास्तच असावी. फाइल अशीच थांबते, हे आम्ही आतून पाहिले आहे.

आमच्या सेवेत एक जीप होती. ठरलेली वर्षे व किलोमीटर केव्हाच उलटले होते. 'कंडम' करण्याचा प्रस्ताव आला. (हा शब्द आमच्या कचेरीत कानडी, मराठी, उर्दू, तिन्ही भाषांत सारखाच चाले.) नव्या वाहनाची तरतूद नव्हती. 'दुरुस्तीनंतर वापरण्यास योग्य' असा शेरा आम्ही मारला. दुरुस्तीही झाली, शेरा खोटा नव्हता. पुढच्या पावसाळ्यात मांजरेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ब्रेक लागला नाही. चालकाचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत 'अतिवेग' हे कारण नोंदले गेले. त्या वाटेवर जीप कशी चाले, हे आम्हांस ठाऊक होते. पण आम्हांस कोणी विचारले नाही आणि आम्ही होऊन काही सांगितले नाही.

तो चालक भालकीकडचा. निवृत्तीनंतर एकदा बसस्थानकावर भेटला. काठी टेकीत जवळ आला, नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, गाडी मी हळूच चालवत होतो."