देवाच्या घराचा घसारा

महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत नमुना आठची नोंदवही असते. गावातली मिळकत किती लांब-रुंद आहे, बांधकाम मातीचे आहे, दगड-विटांचे आहे की आरसीसीचे, आणि ते किती वर्षांचे आहे, हे त्यावरून कळते. वय विचारतात ते घसारा काढण्यासाठी. इमारत जितकी जुनी तितके तिचे मूल्य कमी. घरपट्टी बसवण्यापुरता हा हिशेब रास्त आहे. अडचण अशी, की गावाच्या दप्तराला इमारतीच्या वयाशी दुसरे कोणतेही कर्तव्य नाही. पाच-सातशे वर्षांचे काळ्या पाषाणाचे देऊळ आणि तितकीच पडकी गुरांची पडवी यांच्यात दप्तर भेद करत नाही. मग गावात देवळाचा प्रश्न निघतो तेव्हाही तोच हिशेब नकळत लागू होतो: जुने झाले, पडायला आले, पाडू आणि नवे बांधू. त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. जुने देऊळ पाडून त्या जागी मोठे, उजळ, फरशीचे देऊळ उभे करणे ही देवाची सेवा आहे का, आणि तसे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न धर्माचाही आहे आणि ग्रामपंचायतीचाही.

निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. समोरासमोर वसलेल्या सायखेडा आणि चांदोरी या गावांच्या मधून गोदावरी वाहते. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. त्याच्या फुगवट्याच्या पाणथळीला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. याच पट्ट्यात चांदोरीजवळ नदीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरे आहेत. एरवी ती पाण्याखाली असतात आणि पाणी उतरले की उघडी पडतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने दोन्ही गावांत शिरून जे केले ते इथल्या लोकांना सांगायला नको. पूल पाण्याखाली जाणे, पुलाला पाणवेली अडकणे हे तर नेहमीचेच. अशा गावात काठावरचे जुने देऊळ पाडून उंच जोत्यावर नवे बांधावे असे कोणी म्हटले, तर त्याला केवळ हौशी म्हणून उडवून लावता येत नाही. पण पात्रातली ती मंदिरे दुसरीही एक साक्ष देतात. रचलेला, एकमेकांत अडकवलेला पाषाण वर्षानुवर्षे पाण्यात राहूनही ओळखू येतो. पुराला टिकेल म्हणून काँक्रीट, हा युक्तिवाद करण्याआधी ते पाहून घ्यावे.

परंपरा काय म्हणते ते आधी पाहू, कारण नवे बांधू म्हणणारे परंपरेचेच नाव घेतात. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगितला आहे. जीर्ण झालेली लाकडी मूर्ती अग्नीला द्यावी, पाषाणाची पाण्यात सोडावी, आणि तिच्या जागी जी नवी बसवायची ती त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची असावी. मूर्ती बदलायला शास्त्राची हरकत नाही; माप आणि द्रव्य बदलायला आहे. हा नियम मूर्तीचा झाला, देवळाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण मयमतम् या दक्षिणेतल्या शिल्पग्रंथात वास्तूबद्दलही तेच आहे: ज्या देवळाची लक्षणे अजून ओळखू येतात ते त्याच्याच द्रव्याने सावरावे. म्हणजे जुने जपावे हा आग्रह पुरातत्त्व खात्याने आणलेला नाही, आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेने युरोपातून पाठवलेलाही नाही. सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट आणि चकचकीत फरशी यांना जीर्णोद्धार म्हणणे हाच परंपरेला अनोळखी असा प्रकार आहे. गेल्या पन्नासएक वर्षांत तो इतका रुळला, की आता उलटे बोलणाराच धर्मबुडवा ठरतो.

यावर पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप भक्तीच्या अंगाने येतो. देव दगडात नाही, तो सर्वत्र आहे. मग दगडाचे एवढे कौतुक कशाला? संतांची शिकवण ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रात हा आक्षेप हलका नाही. पण तो नीट लावला तर पाडणाऱ्यावरच येतो. दगडाला महत्त्व नसेल तर ग्रॅनाइटला कुठून आले? देव साध्या ओवरीत बसत असेल तर त्याला साठ फुटी शिखर कशाला हवे? निर्गुणाचा दाखला देऊन जुने पाडायचे आणि सगुणाच्या हौसेने नवे बांधायचे, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? एकही नाही, ही सगळी मिळून जी जुळणी होते तिला रथ हे नाव पडते. नागसेनाचा रोख आत्म्याच्या कल्पनेवर होता, आणि वस्तूंना चिकटून राहू नये हेच त्यातून शिकायचे, असे वाचणारे बरोबर आहेत. पण त्यातून आणखी एक गोष्ट निघते. देवळाचे देऊळपण एखाद्या सुट्या दगडात नसेल, तर ते त्यांच्या रचनेत आहे. झिजलेला एक खांब बदलून तसाच घडवला तर रचना राहते. गाभारा, अंतराळ आणि मंडप मोडून चौकोनी हॉल उभा केला तर देव तोच असेल, देऊळ तेच राहत नाही. गावाला खुशाल नवे देऊळ हवे असेल; मात्र ते जुन्याच्या नावावर चालवू नये.

जपानातल्या इसेच्या मंदिराचे उदाहरण हमखास दिले जाते. ते दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधले. मग आपल्यालाच जुन्या दगडांची बेडी का? उत्तर इसेतच आहे. तिथे लाकूड त्याच जातीचे, माप तेच, आणि सुतारांची एक पिढी दुसरीला हाताने शिकवते. तिथे जपले जाते ते कसब, आणि त्या कसबाच्या जोरावर इमारत बदलते. आपल्याकडे पाषाण घडवणारे हात आणि चुन्याच्या घाण्या किती उरल्या आहेत? कसब जिवंत असेल तिथे पुन्हा बांधण्याला माझी हरकत नाही. ते मेले असेल तिथे उभी असलेली इमारत हाच त्या कसबाचा शेवटचा धडा आहे, आणि तो पाडल्यावर परत लिहून घेता येत नाही.

हे सगळे जमते का, याची दोन उदाहरणे आपल्याकडेच आहेत. नाशिकचे सुंदरनारायण मंदिर १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधले. त्याचे दगड झिजून धोका वाढला तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व विभागाने शिखर उतरवून, खराब दगडांच्या जागी नवे घडवून ते पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले. ते वर्षानुवर्षे रेंगाळले आणि नाशिककर कंटाळले, ही तक्रार खरी आहे. पण मंदिर पाडले नाही, हेही खरे. दुसरे उदाहरण पंढरपूरचे. २०२४ च्या मार्चमध्ये विठ्ठलाचे पदस्पर्श दर्शन थांबवून गाभाऱ्यातले काम सुरू झाले, ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चालले. काम होते ते नंतरच्या काळात चढवलेल्या ग्रॅनाइटच्या फरश्या आणि इतर थर काढून मूळ दगड मोकळा करण्याचे. ते चालू असताना मे महिन्याच्या अखेरीस मंदिरात एक तळघर सापडले आणि त्यात मूर्ती मिळाल्या. लाखो वारकऱ्यांनी दर्शनाची अडचण सोसली, आणि बदल्यात त्यांना नवे काही मिळाले नाही. जे होते तेच परत मिळाले. महाराष्ट्रातल्या सर्वांत गर्दीच्या देवळांपैकी एकाला जे जमते ते पाचशे उंबऱ्याच्या गावाला परवडत नाही, हे म्हणणे टिकत नाही. उलट लहान देवळाची डागडुजी बहुधा नव्या बांधकामापेक्षा स्वस्त पडते. ती मागे पडते याचे कारण वेगळे आहे: डागडुजीवर देणगीदाराचे नाव कोरायला जागा नसते. ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा निधी मिळाला की सभामंडप, पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंत आणि स्वागत कमान होते. गळणाऱ्या शिखराच्या सांध्यात चुना भरायला त्यातला पैसा क्वचितच पोचतो.

सर्वांत कठीण आक्षेप दुसऱ्याच बाजूने येतो, आणि तो नाशिक जिल्ह्यात विसरता येणार नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला, आणि दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना या दगडांनी बाहेर ठेवले, त्यांनी ते दगड जपण्यात का रस घ्यावा? वारसा म्हणजे कोणाचा वारसा? या प्रश्नाला ‘सगळ्यांचाच’ असे गोड उत्तर देणे अप्रामाणिक आहे. मला जे उत्तर दिसते ते असे. दगड जपणे म्हणजे जुनी वहिवाट जपणे नव्हे. वहिवाट कायद्याने मोडता येते, मोडलीही. काळारामाचे दार आज उभे आहे म्हणूनच ते कोणासाठी बंद होते हे दाखवता येते. ते पाडून संगमरवरी कमान केली असती तर सत्याग्रहाचा पुरावाही त्यात गेला असता. दुसरे असे, की हा आक्षेप देवळापेक्षा निर्णयाच्या पद्धतीवर जास्त लागू पडतो. आज गावात देवळाचे काय करायचे ते जीर्णोद्धार समिती ठरवते. समितीत देणगीदार असतात, पुढारी असतात, गावकीतली वजनदार घरे असतात. ज्यांना पूर्वी बाहेर ठेवले ते आजही तिथे बहुधा बाहेरच असतात. त्यांना खुर्ची मिळते ती ग्रामसभेत, कारण मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे.

म्हणून माझे म्हणणे निर्णयाच्या अधिकाराशी येऊन थांबते. भारतीय कायदा देवाला मिळकतीचा धनी मानतो आणि माणसांना व्यवस्था पाहणारे. ही कल्पना न्यायालयांपुरती ठेवायचे कारण नाही. आजचे गावकरी हे देवळाचे या फेरीतले वहिवाटदार आहेत. मागचे बांधून गेले, पुढचे यायचे आहेत. वहिवाटदाराला दुरुस्ती करता येते, सोय वाढवता येते, धोका असेल तर उतरवून पुन्हा रचताही येते. मूळ मिळकतच नाहीशी करायची असेल, तर त्याला तसे करण्याचे कारण सर्वांसमोर सांगावे लागले पाहिजे. पण ते सांगायचे कुठे? मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली आणि समिती आहे. १९६० चा राज्याचा कायदा आणि १९५८ चा केंद्राचा कायदा फक्त घोषित स्मारकांना संरक्षण देतात. सिन्नरचे गोंदेश्वर केंद्राच्या यादीत आहे म्हणून त्याच्या शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे. यादीत नसलेल्या देवळाला, वाड्याला, बारवेला, मारुतीच्या पारावर रचलेल्या वीरगळांना कोणी वाली नाही. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या एकोणतीस विषयांत सांस्कृतिक कार्य आहे, सामूहिक मालमत्तेची देखभाल आहे. जुन्या वास्तूचे नाव घेऊन काहीही नाही. तेव्हा कारण सांगायची जागा उरते ती ग्रामसभाच.

ग्रामसभाच पाडायचा ठराव करील, मग काय, असे विचारणारे भेटतील. करील, काही ठिकाणी नक्की करील. बहुमत म्हणजे शहाणपण असा माझा दावा नाही. पण पाडण्याआधी मोजमाप घेतलेले असेल, चारी बाजूंनी फोटो काढलेले असतील, नाशिकच्या पुरातत्त्व कार्यालयाचे मत मागवलेले असेल, निघणारे कोरीव दगड आणि वीरगळ कुठे ठेवायचे ते लिहिलेले असेल, आणि पूररेषेच्या आत नवे काही बांधता येते का हे आधी विचारलेले असेल, तर निम्म्या ठिकाणी पाडण्याचा बेत तिथेच ढिला पडेल. उरलेल्या ठिकाणी निदान कागद तरी राहील. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. गोदाकाठी कित्येकदा असे होईल, की जुने पाडले तर नवे बांधताच येणार नाही, आणि ही गोष्ट जेसीबी येण्याआधी कळलेली बरी.

२०२६-२७ च्या सिंहस्थामुळे नाशिकपासून खालच्या गोदाकाठापर्यंत बांधकामाचा जोर वाढला आहे, आणि निधी आला की घाई येते. नाशिकच्या गोदापात्रात आधीच्या सिंहस्थांच्या तयारीत ओतलेले काँक्रीट पुढे काढण्याची मागणी झाली, त्यासाठी लोक न्यायालयात गेले, हा इतिहास ताजा आहे. सायखेडा, चांदोरी आणि काठावरच्या प्रत्येक गावाने या वर्षीच्या ग्रामसभेत दोन ओळींचा ठराव करावा: गावातल्या शंभर वर्षांहून जुन्या देवळांची, मशिदींची, दर्ग्यांची, वाड्यांची, बारवांची आणि वीरगळांची नोंदवही ठेवावी, आणि तिच्यातली कोणतीही सार्वजनिक वास्तू ग्रामसभेत चर्चा झाल्याशिवाय पाडू नये. असा ठराव न्यायालयात किती टिकेल ते वकील सांगतील. तो मांडायला मात्र पुरातत्त्व खात्याची, जिल्हाधिकाऱ्यांची किंवा देणगीदाराची परवानगी लागत नाही, आणि कायद्याने ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावीच लागते.