टवका आणि पोचा

पितळेचा डबा हातातून निसटला तर त्याला पोचा येतो. चिनी मातीच्या बरणीचा मात्र टवका उडतो. धातूतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि मार पोटात घालतात. चिनी मातीसारख्या सिरॅमिकमधले बंध इतके हट्टी की त्यांना सरकणं जवळपास ठाऊकच नाही. म्हणून ते कठीण, आणि म्हणूनच ठिसूळ.

मग एक बरणी दहा धक्के पचवते आणि तिच्याच भट्टीतली दुसरी पहिल्या धक्क्याला फुटते, ते कसं? 1921 साली ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवरच्या प्रयोगांतून याचं उत्तर दिलं. काचेत, आणि तशाच सिरॅमिकमध्येही, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. आपण मात्र शेवटचा धक्का ज्याच्या हातून लागला त्यालाच बोल लावतो.

मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती कठीणपणा मोजणारी व्हिकर्स चाचणी. समोरासमोरच्या बाजूंत 136 अंशांचा कोन असलेला हिऱ्याचा इवलासा पिरॅमिड सिरॅमिकवर दाबायचा. टोकाखाली दाब एवढा प्रचंड, की हा हट्टी पदार्थही तिथे नमतो. चौकोनी ठसा उमटतो. भार पुरेसा असेल तर ठशाच्या कोपऱ्यांतून चिरा निघतात. त्यांच्या लांबीवरून पदार्थाच्या चिवटपणाचा अंदाज बांधतात.

खरी गंमत हिरा उचलताना होते. टोकाखालचा चेपलेला भाग पूर्ववत होऊ शकत नाही, आजूबाजूचा भाग मात्र उसळून परत यायला बघतो. या ओढाताणीत पृष्ठभागाखाली आडव्या चिरा पसरतात. त्या वर वळल्या की टवका निघतो. म्हणजे भार असताना जे टिकलं, ते भार उतरताना सुटून येतं!

चिरांवर एक तोड निघाली ती झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकमध्ये. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हणावं का, असा प्रश्न आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. चीर पुढे सरकली की तिच्या टोकाजवळचे कण आपली स्फटिकरचना बदलतात, आकारमानाने सुमारे 4 टक्के फुगतात आणि चिरेचा गळा आवळतात. चिरेला अडवायला पदार्थ स्वतःच बदलतो, ही युक्ती मला फार आवडते. पण प्रत्येक कणाला हे एकदाच जमतं. शिवाय काही प्रकारच्या झिर्कोनियात ओलाव्यामुळे हाच बदल मार न लागताही पृष्ठभागावरून हळूहळू सुरू होतो. आणि दातांवरच्या झिर्कोनियाच्या टोप्या तर कायम ओल्या तोंडात असतात.