ड्राफ्ट घरी ठेवून या

दार लावा. मागचे, पुढे या. वर्षभर मागचा बाक सोडला नाहीत, आज तरी सोडा.

नोव्हेंबर संपत आला की माझ्या केबिनबाहेर गर्दी होते. "मॅडम, एलओआर हवं होतं. ड्राफ्ट आणलाय, तुम्ही फक्त सही करा." फक्त सही! माझ्या तासाला ज्यांची हजेरी सबमिशनपुरती, त्यांना अमेरिकेचा फॉर्म भरताना माझी आठवण येते. तहान लागल्यावर विहीर खणायची, तीही दुसऱ्याच्या अंगणात!

एलओआर म्हणजे शिफारसपत्र, आणि शिफारसपत्र ही साक्ष असते. पाहिलं नाही त्याची साक्ष मी देणार नाही. तिथला फॉर्म मला विचारतो, या विद्यार्थ्याला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? बरोबरीच्या मुलांत तो पहिल्या 5 टक्क्यांत बसतो की 25? स्वतंत्रपणे संशोधन करू शकेल का? तुम्ही कधी वर्गात एक प्रश्न विचारला नाहीत, प्रोजेक्ट आयता आणलात आणि व्हायवाला एकमेकांची तोंडं पाहिलीत. सांगा, कोणत्या खान्यात टिक करू?

आणि तुमचे ते ड्राफ्ट! 'मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर.' वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पत्रात हेच तीन शब्द, कारण कन्सल्टन्सीवाला एकच. मार्क ट्रान्सक्रिप्टवर असतात, ते पत्रात पुन्हा कशाला? प्रवेश समितीत प्राध्यापकच बसतात. तीन पत्रं आणि एसओपी, म्हणजे तुम्ही स्वतः लिहायचं उद्देशपत्र, एकाच हातची आहेत, हे त्यांना कळत नाही असं वाटतं तुम्हाला? शिक्षकाच्या नावाने जीमेल उघडून स्वतःच पत्र अपलोड करणारे महाभागही असतात. ती सरळ फसवणूक आहे. उघडकीस आली तर मिळालेला प्रवेशही जातो आणि पुढच्या बॅचच्या खऱ्या पत्रांवरही संशय येतो.

दुसरं खूळ मोठ्या हुद्द्याचं. प्राचार्यांनी तुम्हाला गॅदरिंगशिवाय कधी पाहिलेलं नाही, तरी पत्र त्यांचंच हवं! ज्या गाइडने तुमचा कोड तीनदा परत पाठवला, त्याच्याकडे जा. तुम्ही चौथ्यांदा काय केलंत, हे तोच लिहू शकतो.

फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न असतो, पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? 1974 च्या फर्पा कायद्याने तिथल्या विद्यार्थ्याला तो हक्क दिलाय. तो सोडा. लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलंय, असं वाचणाऱ्याला तेव्हाच वाटतं. आणि हक्क सोडल्यावर व्हॉट्सॲपवर कॉपी मागायची नाही.

तारखांचा घोळ तर दरवर्षीचा. बऱ्याच विद्यापीठांची मुदत 1 किंवा 15 डिसेंबरला असते. बोस्टनची रात्रीची 11:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 10:29. हा हिशोब तुम्ही करायचा. मला न विचारता पोर्टलवर माझं नाव टाकायचं, लिंक स्पॅममध्ये पडणार आणि शेवटच्या रात्री तुमच्या आईचा मला फोन! यापुढे हे चालणार नाही.

आता नीट ऐका. किमान महिनाभर आधी येऊन विचारायचं. मी हो म्हटलं की एकाच कागदावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि शेवटची तारीख अशी यादी द्यायची. सोबत रेझ्युमे, मार्कशीट, एसओपीचा कच्चा खर्डा आणि माझ्या विषयात केलेल्या कामाचा अहवाल. मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा आठवण करायची, रोज नाही. मी म्हणाले, "तुला मी पुरेशी ओळखत नाही," तर रुसायचं नाही. कोमट पत्राने नुकसान तुमचंच होतं, म्हणून वेळेत दुसरा शिक्षक गाठा. आणि निकाल लागला की कळवा, प्रवेश मिळो वा न मिळो. पत्र मिळाल्यावर ओळख विसरणारे पुष्कळ पाहिलेत.

तिसऱ्या वर्षाची मुलं आज मुद्दाम बोलावली आहेत. तुमच्या हातात अजून वर्ष आहे. एखाद्या शिक्षकाला तुमच्याबद्दल खरं काही लिहिता येईल असं काम आत्तापासून करा. शेवटच्या वर्षाच्यांनी उद्या चारच्या आत यादी आणावी, ड्राफ्ट मात्र घरीच ठेवावा. जे पत्र मी लिहीन, त्यावरच माझी सही होईल.