पक्कं झालं की सांगू

लांजा तालुक्यातल्या एका वाडीत एक गुरुजी राहत. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची उभी नोकरी गेली. माणूस सरळ, हिशेबाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड म्हणावी अशी एकच. कुठलीही गोष्ट पक्की झाल्याशिवाय तोंडातून बाहेर काढायची नाही. मुलीचं लग्न ठरलं हे सख्ख्या भावाला साखरपुड्याच्या निमंत्रणातून कळलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे डोळ्यावर हिरवी पट्टी दिसली तेव्हा. "अर्धवट बातमीला पाय फुटतात," असं गुरुजी म्हणत. त्यावर बायको म्हणे, "आणि तुमच्या पक्क्या बातमीचं कुणी काय करायचं? बरं म्हणायचं आणि पेढा खायचा."

गुरुजींचं अगदीच चूक होतं असं नाही. नोकरीसाठी अर्ज केल्याची बातमी तिठ्यावर पोचेपर्यंत नेमणुकीची होते. नेमणूक झाली नाही की चार माणसं हळहळायला येतात आणि त्यातली दोन मनातून खूश असतात. जपून बोलणारा माणूस मला तरी नावडत नाही. गुरुजींचं बिनसलं ते एवढंच, की तिठ्यावरची माणसं आणि पाठचा भाऊ यांना त्यांनी एकाच मापाने मोजलं.

गुरुजींची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या पिढीत गावोगाव ही तारीख सापडते. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराची तारीख सांगता आली नाही की हेडमास्तर 1 जून लिहून मोकळे होत. वय 58 झालं की सेवा संपते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. म्हणून गुरुजींचा शेवटचा दिवस 31 मे. पेन्शनचे कागद त्यांनी दिवाळीनंतरच हातात घेतले होते. सेवापुस्तकातल्या जुन्या नोंदी तपासून घेतल्या, ना-देय दाखला आणला, 40 टक्के पेन्शन विकायचा अर्ज भरला. विकलेला भाग 15 वर्षांनी पुन्हा चालू होतो, तोवर आपण असू का, असा एक विचार त्यांना शिवून गेला. कुटुंबाच्या तपशिलाच्या नमुन्यात बायको आणि मुलगी त्यांच्या जन्मतारखांसह लिहिली. साठीकडे झुकलेल्या भावासाठी त्यात रकाना नव्हता.

हाती येणाऱ्या पैशातून घराचं काम काढायचं, हे गुरुजींनी मनाशी पक्कं केलं होतं. घर जांभ्या दगडाचं, चुन्याच्या गिलाव्याचं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागच्या दाराशी बाळंतिणीची खोली. वडिलांनी नळे उतरवून त्यावर मंगलोरी कौलं चढवली होती. ही कौलं बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात कारखाना काढून बनवायला सुरुवात केली, हे गुरुजी दर वर्षी चौथीच्या पोरांना कौल हातात देऊन सांगत. एक कौल दोन-अडीच किलोचं, भिजलं की आणखी जड, मग अख्ख्या पाख्याचं वजन किती, असं गणितही घालत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर मात्र घर दोघा भावांच्या नावावर होतं, आणि लाइटबिल अजून आजोबांच्या नावाने येत होतं.

धाकटा डोंबिवलीला. खासगी कंपनीत होता. त्याचीही नोकरी येत्या डिसेंबरात संपायची होती, पण पीएफच्या कार्यालयाकडून मिळणारी त्याची पेन्शन महिन्याच्या किराण्यालाही पुरली नसती. शिमग्याला तो सवयीप्रमाणे गावी आला. पालखी घरी येऊन गेली. रात्री दोघे भाऊ ओटीवर बसले. धाकट्याने वर वाशांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "यंदा आंबा बरा दिसतोय." गुरुजी म्हणाले, "मोहोर होता, पण धुक्याने गळला." मग पालखीच्या मानावरून गेल्या साली झालेल्या भांडणाची उजळणी झाली, आणि दोघेही झोपायला गेले. धाकटा परत गेला त्याच्या पाचव्या दिवशी मेस्त्री कौलं उतरवायला चढला.

चार दिवसांत छप्पर उघडं झालं. धुराने काळं तुकतुकीत झालेलं आढं वर लखलखत होतं. बघणाऱ्याला वाटावं, अजून पन्नास पावसाळे काढील. मेस्त्रीने वाकसाचं टोक त्याला लावून जरा दाबलं, तर ते बोटभर आत गेलं. पिवळट भुकटी खाली उभ्या गुरुजींच्या चष्म्यावर येऊन पडली. वाळवीने आतून सगळं खाल्लं होतं आणि वरचा पापुद्रा तेवढा ठेवला होता.

"गुरुजी, हे तर गेलं," मेस्त्री वरून म्हणाला. "एवढ्या लांबीचं सुकं लाकूड आता गिरणीत नाही मिळायचं. ओलं घातलं तर पीळ खाणार. कुणाकडे जुनं ठेवलेलं असलं तर बघा. विचारा चार जणांना."

गुरुजींनी विचारलं नाही. काम अर्धवट, आढं खाल्लेलं, पैसे अजून हातात नाहीत. अशा स्थितीत कुणाला काय सांगायचं? त्यांनी सोसायटीकडून कर्ज उचललं, लांज्याहून लोखंडी गर्डर आणला आणि चढवून घेतला. त्याच रेट्यात बाळंतिणीची खोली पाडून तिथे न्हाणीघर आणि कमोडचा संडास करायचंही ठरवून टाकलं. गुडघे बोलायला लागले होते, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. सगळं झालं की गणपतीला धाकट्याला दाखवू, चकित होईल, असा त्यांचा बेत.

पण वाडीतल्या एका पोराने उघड्या घराचा फोटो काढला आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गुरुजींच्या घराचं काम जोरात'. त्यावर चाळीसेक अंगठे आणि नमस्कार आले. त्यातला एक अंगठा धाकट्याचा होता. त्याने फोन केला नाही. पाच-सहा दिवसांनी त्याच्या बायकोने गुरुजींच्या बायकोला फोन केला. "वहिनी, घर पाडलंत म्हणे?" एवढंच विचारून ती गप्प बसली, आणि इकडे गुरुजींच्या बायकोला 'पाडलं नाही गं, दुरुस्त करतोय' हे वाक्य तीनदा म्हणावं लागलं.

त्या शनिवारी धाकटा दिवा पॅसेंजरने रत्नागिरीला उतरला आणि एसटीने वाडीत आला. चपला खळ्यातच काढल्या. ओटीवर न बसता सरळ माजघरात जाऊन वर बघत उभा राहिला.

"आढं लोखंडी?"

"जुनं वाळवीने खाल्लेलं होतं."

"मग फणसाचं का नाही घातलंस, दादा?"

"फणसाचं? कुठलं?"

धाकटा काही न बोलता गोठ्याकडे गेला. गुरं केव्हाच गेली होती. गोठ्यात सरपण आणि मोडकी सायकल, माळ्यावर पेंढा. तो शिडी लावून चढला, पेंढा हातांनी बाजूला सारला आणि खाली हाक मारली. गुरुजी वर गेले. चौकोनी तासलेलं, चांगलं बारा हात लांब लाकूड आडवं ठेवलेलं होतं. दोन्ही टोकांना डांबर फासलेलं. फणसाचा मूळचा पिवळा रंग उतरून गडद तांबूस झाला होता. मेस्त्रीने येऊन त्यावर वाकसाचा दांडा आपटला. खणखणीत आवाज आला. गेली कित्येक वर्षं गुरुजी ज्याला माळ्याचीच तुळई समजत होते, ते हे लाकूड.

"विहिरीमागचा फणस पडला तेव्हा बाबांनी करवतून ठेवलं," धाकटा म्हणाला. "पुढच्या आढ्याला होईल म्हणाले. तू तेव्हा मंडणगडच्या शाळेत होतास. डांबर मीच लावलं."

"मग एवढ्या वर्षांत बोलला नाहीस?"

"घर उघडायचं ठरलं की सांगू म्हटलं. तू उघडलंस ते मला मोबाइलवर दिसलं."

मेस्त्री दोघांकडे बघत होता. तो गुरुजींचाच जुना विद्यार्थी, पण कामावर असला की मेस्त्री. म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. गिऱ्हाईक लाकूड कापायच्या आधी बोललं तर मी माप बदलतो. कापल्यावर बोललं तर मी नुसतं ऐकतो."

धाकटा मागच्या दारी गेला. बाळंतिणीच्या खोलीच्या जागी चिऱ्यांचा ढीग होता आणि शेजारी खोक्यात बांधलेला कमोड. तो खोक्यावरचा मजकूर वाचत उभा राहिला, जरा जास्तच वेळ. तेवढ्यात गुरुजींची बायको चहा घेऊन आली. दिराला तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं. कप हातात देत म्हणाली, "भावोजी, ह्यांचं झालं. आता तुमचं काय ते बोला. शिमग्यालाही तुम्ही काहीतरी गिळून गेलात."

धाकटा चहा पिता पिता बोलला. डोंबिवलीची त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला चालली होती. बिल्डर भाडं देणार होता, नवी जागा मिळायला तीन वर्षं तरी लागणार होती. मुलगा-सून भाड्याच्या जागेत राहतील, आपण दोघं डिसेंबरनंतर गावी येऊन मागच्या खोलीत राहू, असं त्याच्या मनात होतं. पेन्शन थोडी, पण गावात भागेल.

"मग शिमग्याला का नाही बोललास?" गुरुजींनी विचारलं.

"सभासदांच्या सह्या पूर्ण झाल्या नव्हत्या. म्हटलं, पक्कं झालं की सांगू."

गुरुजींची बायको कप उचलून आत निघून गेली. ती हसत होती की तिला संताप आला होता, हे दोघांपैकी कुणालाच पाठमोरं कळलं नाही.

भांडण झालं असतं तर नवल नव्हतं. कोकणात याहून लहान कारणाने घरं दुभंगली आहेत. माजघरातून भिंत घातलेली, एका आढ्याखाली दोन चुली आणि कोर्टात दावा, अशी घरं त्याच पंचक्रोशीत दोन-तीन आहेत. इथे दोघांच्याही पदरात सारखंच माप पडल्यामुळे कुणाला आवाज चढवता येईना. गर्डर उतरवण्यात अर्थ नव्हता. पडलेली खोली परत येणार नव्हती. शेवटी मेस्त्रीनेच गोठ्याचं माप काढलं. गोठा उतरवून तिथे एक खोली, पुढे छोटी पडवी आणि त्यावर फणसाचं आढं. लोखंडाचे पैसे आधी वाचले असते तर तेच इथे लागले असते, हे त्याने हिशेब सांगताना दोनदा ऐकवलं. गुरुजींनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं. धाकट्याने सामान हलवण्यासाठी बिल्डरकडून मिळायची रक्कम यात घालायचं कबूल केलं. मिळाली तर, असंही लगेच जोडलं. गुरुजी काही म्हणाले नाहीत.

31 मे ला शाळेत शाल-श्रीफळ झालं, केंद्रप्रमुखांचं भाषण झालं. मृग लागायच्या आत मोठ्या घराची कौलं बसली, कोने बसले. गोठ्याचं काम दसऱ्यानंतर धरायचं ठरलं. पावसाळाभर मेस्त्री ओटीवर बसून रिपा रंधत होता आणि भावांचे फोन चालू होते. न्हाणीघराचा उतार कुठे काढायचा, बायकोच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणतात, सोसायटीत अमक्याने सही अडवून धरली आहे, सारी अर्धीकच्ची बोलणी. ज्या माणसाने जन्मात कधी अर्धवट बातमी सांगितली नाही, त्याला आता ती सांगण्याची चटक लागली.

ऑगस्टात एका संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. ती आईशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. गुरुजींनी बायकोच्या चेहऱ्यावरून ओळखलं, खोदून विचारलं, आणि तिने सांगितलं. दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं होतं. गुरुजींचा हात ताबडतोब मोबाइलकडे गेला. डोंबिवलीला रिंग वाजायला लागली.

"अहो, ठेवा तो!" बायको म्हणाली. "तिने नवऱ्याच्या घरीसुद्धा अजून सांगितलेलं नाही. ती बातमी तिची आहे. तुमची न्हाणीघराची सांगा काय ती."

तोवर पलीकडून धाकट्याने उचलला होता. "बोल, दादा."

गुरुजी क्षणभर अडखळले. "काही नाही रे. तुझ्या खोलीला रिपा किती लागतील, ते विचारायला केला."

"अरे, सकाळीच सांगितलं ना मी तुला!"

"सांगितलंस, सांगितलंस," गुरुजी म्हणाले. "पुन्हा सांग. लिहून घेतो."