मालक म्हणवता, मग मत का देत नाही?

वार्षिक अहवाल निघायला लागले की तुमची कुरकुर सुरू होते. अमुक कंपनीच्या एमडीला एवढे कोटी, तमक्या अध्यक्षाला तेवढं कमिशन, आणि कामगाराच्या हातात काय? वर्तमानपत्रांची कात्रणं मला पाठवता, खाली संतापाचे चार शब्द लिहिता आणि शाबासकीची वाट बघता. ती मिळणार नाही. एका प्रश्नाचं उत्तर द्या. त्या कंपनीचे शेअर तुमच्या डीमॅट खात्यात आहेत. पगाराच्या त्या ठरावावर तुम्ही काय मत दिलंत?

दिलंच नाहीत. सूचना ई-मेलवर आली होती, तीही उघडली नाहीत. बारावीला ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ मी तुम्हाला शिकवली ती पेपरापुरती नव्हे.

उजळणी करा. कंपनी कायदा २०१३, कलम १९७. सार्वजनिक कंपनीने सगळ्या संचालकांना मिळून वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत मानधन द्यावं. एकच व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्याला ५ टक्क्यांपर्यंत. ११ टक्क्यांच्या पुढे जायचं तर पूर्वी केंद्र सरकारचं दार ठोठावावं लागे. १२ सप्टेंबर २०१८ पासून ती अट गेली. आता कंपनीला यावं लागतं ते भागधारकांकडे, आणि एका माणसाच्या ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडायची असेल तर विशेष ठराव घेऊन. सेबीचा नियम त्याहून नेमका आहे. प्रवर्तकांपैकी कोणी पूर्णवेळ संचालक असेल आणि त्याचं वार्षिक मानधन ५ कोटी रुपये किंवा निव्वळ नफ्याचे अडीच टक्के, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर जात असेल, तर विशेष ठराव हवाच. सरकारने आपल्या हातातलं कुलूप काढून किल्ली तुम्हाला दिली आणि तुम्ही ती खुंटीला टांगून ठेवलीत.

“आमच्या वीस शेअरांनी काय होणार, सर?” हे वाक्य मी फार ऐकलं आहे. कागद घ्या आणि गणित करा. कंपनीचे १०० शेअर, ५० प्रवर्तकांचे. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट लागतात, आणि मोजतात ती पडलेली मतं. प्रवर्तकांनी सगळी ५० बाजूने टाकली आणि बाहेरच्यांपैकी १६ विरोधात पडली, तर १६ त्रिक ४८, ठराव मंजूर. १७ पडली तर १७ त्रिक ५१, ठराव नामंजूर. उरलेले ३३ जण घरी बसले तरी चालतं. म्हणजे बाहेरच्या पन्नासांतले सतरा जागे असले की पुरे. प्रवर्तक मात्र स्वतःच्या पगाराच्या ठरावावरही न चुकता मत देतो, तेवढं लक्षात असू द्या.

आणि हे कागदावरचं नाही. २०१४ च्या जुलैमध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मानधनाचे ठराव अडवले. नफा अपुरा पडल्यामुळे कंपनीला विशेष मंजुरी लागत होती, ती मिळाली नाही आणि कंपनीला पुन्हा भागधारकांकडे यावं लागलं. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या सर्वसाधारण सभेत व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा आणि मानधनाचा एकत्रित ठराव पडला. बाजूने सुमारे ७३ टक्के मतं होती, हवी होती ७५. आयशरची रॉयल एनफिल्ड पुन्हा उभी करणारा माणूस कंपनीत नको, असं कोणाचं म्हणणं नव्हतं. आक्षेप मानधनावर होता. थोड्याच दिवसांत संचालक मंडळाने कमाल मर्यादा नफ्याच्या ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणली आणि ते पदावर राहिले. दोन टक्के मतांच्या कमतरतेने मर्यादा निम्म्यावर आली. या दोन्ही वेळी काम केलं ते मुख्यतः म्युच्युअल फंडांसारख्या संस्थांनी. तुमच्यासारखे लाखो छोटे भागधारक कुठे होते?

ज्यांची एसआयपी आहे त्यांनीही मान खाली घालून बसू नये. तुमचा पैसा फंडाच्या नावाने मत देतो. एप्रिल २०२२ पासून फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणं सेबीने सक्तीचं केलं आहे, आणि कोणत्या ठरावावर काय मत दिलं आणि का, हे त्यांना जाहीर करावं लागतं. तुमच्या फंडाने काय केलं ते पाहिलंत का? परतावा मात्र रोज पाहता.

मोठे पगार सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. बुडती कंपनी सावरणाऱ्याला भरभक्कम द्या, माझी हरकत नाही. पण नफा घसरला आणि मानधन वाढलं, तर त्याचं कारण विचारलं गेलंच पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती कंपनीला छापावीच लागते. संचालकांच्या अहवालाच्या परिशिष्टात प्रत्येक संचालकाचं मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, संचालकाचं मानधन त्या वर्षी किती टक्क्यांनी वाढलं आणि मध्यक वेतन किती टक्क्यांनी, हे सगळं असतं. वाढीचे हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. शेअर पर्यायांतून मिळालेली रक्कम वेगळी काढा, नाहीतर एका वर्षाच्या फुगलेल्या आकड्यावर उगाच ओरडाल. अर्धवट वाचून केलेला संताप मला न वाचण्याइतकाच नापसंत आहे.

आणि तुमच्यातले जे दोघेतिघे आज स्वतंत्र संचालक म्हणून मिरवतात, त्यांनी नीट ऐका. मानधन समितीत तुम्हाला बसवलंय ते सल्लागार कंपनीने आणलेल्या तक्त्यावर सही करायला नव्हे. इतर कंपन्या एवढं देतात, हे उत्तर नाही. प्रत्येक समिती सरासरीच्या वर द्यायला निघाली, तर सरासरी दरवर्षी चढतच जाणार, हे तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. तुम्हाला बैठकीमागे एक लाखापर्यंत भत्ता घ्यायची मुभा कायद्याने दिली आहे. त्या बैठकीत तोंड उघडा.

बाकीच्यांनी आता कामाला लागा. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. सूचना एकवीस दिवस आधी येते, ई-मतदान किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. बोलायचं असेल तर वक्ता भागधारक म्हणून नाव नोंदवा. कलम १७८ प्रमाणे मानधन समितीचा अध्यक्ष किंवा त्याने नेमलेला सदस्य सभेला हजर असतो. त्याला एवढंच विचारा: मध्यक वेतन किती वाढलं, एमडींचं किती वाढलं, आणि हा फरक समितीने कोणत्या कामगिरीवर ठरवला?