मोळी, आंघोळ आणि मुलांचा धर्म

तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरून वर आली, ही कथा देहू-आळंदीपासून चाकणपर्यंत लहान मुलांनाही ठाऊक असते. गाथा बुडवायला का लावली, हे मात्र त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. शूद्राला वेदांचा अर्थ सांगण्याचा अधिकार नाही, ही समजूत त्यामागे होती. आपण मुलांच्या हाती चमत्कार ठेवतो आणि अन्याय गाळून टाकतो. कोवळ्या मनाला कटुता नको, ही त्यामागची काळजी खरी असते. पण अन्याय झाकून शिकवलेला धर्म, धर्म उरतो का?

मुलांपासून अन्याय न लपवणारे लेखकही झाले आहेत. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या लेखिका बेव्हर्ली नायडू १९६५मध्ये इंग्लंडला गेल्या. आजारी तान्ह्या बहिणीसाठी आईला शोधायला जोहान्सबर्गकडे निघालेल्या दोन भावंडांची गोष्ट त्यांनी लिहिली. ती १९८५मध्ये प्रसिद्ध झाली आणि मायदेशात १९९१पर्यंत तिच्यावर बंदी राहिली. आपल्याकडे साने गुरुजींचा 'पत्री' हा कवितासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला. गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. ती महार, म्हणून मोळी उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे आणि घरी येऊन आंघोळ कर.

इथे कोणी विचारेल, आंघोळ करायचीच, तर विटाळ गेला कुठे? आक्षेप रास्त आहे. त्या घराची करुणा शिवाशिवीच्या उंबरठ्यावरच अडली होती. पण गुरुजींनी ती आंघोळ खोडली नाही, यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे. आईची थोरवी आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यांनी मुलांसमोर ठेवल्या. पुढचे पाऊल त्यांनी स्वतः टाकले: विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे १९४७मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. राहिला कोवळ्या मनाचा प्रश्न. ज्या मुलाला पाणवठ्यावरून हाकलले जाते, त्याला ही कटुता कोणत्याही पुस्तकाआधीच कळलेली असते. आपल्या मौनाने जपले जाते ते फक्त हाकलणाऱ्याच्या घरातले मूल, आणि तेही मोठे होऊन तेच करायला मोकळे राहते. म्हणून गाथा तरली हे मुलांना जरूर सांगावे, पण ती पाण्यात कोणी आणि का टाकायला लावली, हे आधी सांगावे.